खानेसुमारी दारात येणार; पण दारातला माणूस मोजला जाणार काय?

१ मार्च २०२७ हा दिवस प्रमाण धरून देशाची खानेसुमारी करावयाची, असे केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी राजपत्रात जाहीर केले. ही मोजणी खरे पाहता २०२१ सालीच व्हावयाची. साथीचे निमित्त झाले आणि ती सहा वर्षे लांबली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी नेमाने होत आलेली, १९४१ साली महायुद्धाच्या धामधुमीतही न चुकलेली शिरगणती या खेपेस प्रथमच चुकली. उशिरा का होईना ती करण्याचे ठरले, आणि तीत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय ३० एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने घेतला, ही गोष्ट बहुजनसमाजाच्या दृष्टीने लहान नव्हे.

परंतु हुकूम निघाला म्हणजे मोजणी झाली, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. आकडा छापला जातो दिल्लीत. पण तो तयार होतो खेड्यातल्या उंबरठ्यावर. विचारणारा एक आणि सांगणारा एक, या दोन माणसांत घटकाभर जे बोलणे होते तेच पुढे कोट्यवधींच्या बेरजेत मिसळते. विचारणाऱ्याला सांगणाऱ्याची भाषा कळली नाही, सांगणाऱ्याला विचारणाऱ्याची भीती वाटली, किंवा विचारणारा त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर पुढची बेरीज कितीही बिनचूक केली तरी ती खोटीच ठरणार. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत हा प्रश्न सर्वांत बिकट आहे, म्हणून आज आम्ही तोच हाती घेतला आहे.

सरकार माहिती गोळा करते ती मुख्यतः दोन रीतींनी. एक रीत खानेसुमारीची: प्रत्येक घर आणि प्रत्येक माणूस. यासाठी शाळामास्तर, तलाठी, ग्रामसेवक अशा नोकरमंडळींना प्रगणक नेमून वस्तीचे ठराविक तुकडे त्यांच्याकडे सोपविले जातात. दुसरी रीत नमुना पाहणीची. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे गावांच्या यादीतून काही गावे निवडायची, त्या गावांतील घरांची यादी करून त्यातून थोडी घरे पुन्हा तशीच निवडायची आणि त्या घरांत बसून लांबलचक तक्ता भरून घ्यायचा. सात दिवसांत काय खाल्ले, तीस दिवसांत कशावर किती खर्चले, वर्षाकाठी कपड्यालत्त्याला किती गेले, घरातला कोण काय काम करतो, असे शेकडो प्रश्न त्यात असतात. महाराष्ट्रात राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयही आपल्या वाट्याचा नमुना घेते. देशात किती लोक बेकार, किती दरिद्री, याचे अंदाज या तक्त्यांवरून बांधले जातात.

रीत शास्त्रीय आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. शितावरून भाताची परीक्षा आमच्या आयाबहिणी रोज करतात. पण ती परीक्षा खरी ठरते ती सारा भात एका भांड्यात व एका आचेवर शिजला असेल तेव्हा. पुण्या-ठाण्याचे भांडे निराळे आणि भामरागड-एटापल्लीचे निराळे. सबंध राज्याचा अंदाज करण्यापुरतीच शिते काढली तर त्यांत एटापल्लीचे एखादे शीत येईल किंवा येणारही नाही. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीत जिल्हा हा नमुन्याचा पायाभूत थर धरण्यात आला, हे योग्यच झाले. तरीही निवडलेले गाव दूर पडते म्हणून ते गाळण्याचा मोह कायम राहतो. नागालँडात मोटाररस्त्यापासून पाच किलोमीटरांपलीकडची गावे कित्येक वर्षे या पाहणीच्या बाहेरच ठेवलेली होती. म्हणजे जो रस्त्यापासून दूर तो आकड्यापासूनही दूर! आणि ज्याला रस्ता नाही त्याच्या हालांची नोंद झाली नाही, तर त्याला रस्ता तरी कोणत्या आधारावर मिळणार?

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. २०११ च्या मोजणीत त्याची वस्ती १०,७२,९४२ भरली, आणि ती पसरली आहे १४,४१२ चौरस किलोमीटर मुलखात. म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत तेथली पाहणी कचेरीत बसून होणार, की नावेतून जाऊन होणार, हे आम्ही वाचकांच्या अनुभवावर सोडतो. पाऊस संपला तरी अडचण संपत नाही. २०११ साली प्रगणक घरोघर हिंडले ते ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत. या वेळचा दिवसही १ मार्चच धरला आहे. आता झाडीपट्टीतला शेंबडा पोरगाही सांगेल की फेब्रुवारीत आमची शेकडो कुटुंबे घराला कुलूप लावून मिरची तोडायला तेलंगणात गेलेली असतात. मोजणीचा नियम असा की, त्या साऱ्या मुदतीत जो घरी नाही तो जेथे सापडेल तेथे मोजायचा. म्हणजे मिरचीच्या शेताच्या बांधावर झोपलेला आमचा मजूर एक तर तेलंगणाच्या खाती जमा होणार, नाही तर कोणाच्याच खाती जमा होणार नाही. २०११ च्या मोजणीनंतर सरकारनेच केलेल्या फेरतपासणीत दर हजारी २३ माणसे सुटल्याचे आढळले. देशाच्या हिशेबाने ही संख्या पावणेतीन कोटींच्या घरात जाते. सुटणारे हे लोक बंगल्यांत राहणारे नसतात, एवढे समजण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नाही.

विचारणारा पोहोचला, घरही उघडे सापडले, तरी पुढे भाषेची भिंत आहे. भामरागडात माडिया, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, मुलचेरा-चामोर्शीकडच्या निर्वासितांच्या गावांत बंगाली, जिवती-कोरपन्याच्या डोंगरांत कोलामी, असा हा मुलुख आहे. शहरातून बदलून आलेला मास्तर मराठी तक्ता हातात घेऊन माडिया बाईसमोर बसतो, तेव्हा दोघांमध्ये जो तिसरा दुभाषी उभा राहतो तो स्वतःच्या समजुतीने उत्तरे देऊन मोकळा होतो. बाईचे वय, तिची गेलेली मुले, तिचे काम, सारे तोच सांगतो.

कामाचेच पाहा. श्रमबल पाहणीत प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळतो. जी बाई घरकाम करते आणि त्याबरोबर घरापुरते सरपण, रानभाजी, कंदमुळे फुकट गोळा करून आणते, तिचा रकाना ९३ क्रमांकाचा. आणि हा रकाना श्रमबलाच्या बाहेर धरला जातो. कोंबडा आरवण्यापूर्वी उठून रानात जाणारी, डोक्यावर भारा घेऊन दोन कोस चालणारी, तीन पोरांच्या तोंडी घास घालणारी बाई सरकारी भाषेत काम करणारी नव्हे! मोहफुले वेचून तिने बाजारात विकली तर ते काम होते. पण विचारणाऱ्याने खोदून विचारले नाही आणि नवऱ्याने “ती घरीच असते” असे सांगून टाकले, तर ते कामही ९३ च्या रकान्यात गडप होते. तक्ता लिहिणारे विद्वान असतील. परंतु ज्याचे जळते त्यालाच कळते.

कोणी म्हणेल, जंगलातले लोक अडाणी, त्यांना नीट सांगता येत नाही, त्याला सरकारने काय करावे? या आक्षेपाला उत्तर गडचिरोलीनेच दिलेले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या गडचिरोलीच्या दोन गावांत स्त्रियांच्या रोगांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात ती छापून आली, तेव्हा सारे जग चकित झाले. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. हा रोग त्या वर्षी उपजला नव्हता. तोवर त्या बायांना कोणी विचारलेच नव्हते. पुढे त्यांच्याच ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत तान्ह्या मुलांची शुश्रूषा चालविली आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली. तेथे जन्म-मृत्यूची नोंद गावचीच माणसे ठेवीत, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून ती पुन्हा ताडून पाहिली जाई. या पद्धतीने मिळालेला आकडा जगाने मान्य केला. २००१ साली अनेक सेवाभावी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला आणि सरकारी दप्तरात नोंदल्या गेलेल्या बालमृत्यूंपेक्षा खरे बालमृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे दाखवून दिले. तेव्हा कोठे सरकारला बालमृत्यूंची समिती नेमावी लागली. यावरून काय ठरले? लोक सांगण्यास असमर्थ नव्हते. विचारणारे विचारण्यास असमर्थ होते. मेलेले मूल ज्या दप्तरात मेलेच नाही, त्या दप्तराच्या आधारे दवाखाना तरी कसा निघावा?

आता यादीचा प्रश्न घेऊ. माणूस तोच, पण त्याला कोणत्या यादीत घालायचे हे ठरविणारी लेखणी दुसऱ्याच्या हाती असते. १९७१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची संख्या सुमारे २९॥ लाख होती. १९८१ साली ती एकदम ५७॥ लाखांवर गेली. दहा वर्षांत आदिवासी दुप्पट जन्मले काय? मुळीच नाही. १९७६ च्या कायद्याने जमातींवरचे प्रदेशाचे बंधन उठले आणि कालपर्यंत यादीबाहेर असलेले लोक यादीत आले. त्यांत खरे किती आणि नावसाधर्म्याचा लाभ घेणारे किती, हा वाद पुढे कोर्टात वर्षानुवर्षे चालला. उलट बाजूने, यादीतील एका नावाच्या अर्थासाठी गोवारी बांधवांनी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरावर मोर्चा नेला आणि तेथील चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. तक्त्यातला एक शब्द म्हणजे काही शाईचा ठिपका नव्हे, हे विदर्भाला निराळे सांगण्याची जरुरी नाही.

आणि जे कोणत्याच यादीत नीट मोजले गेले नाहीत त्यांचे काय? २०११ च्या मोजणीत गडचिरोली जिल्ह्यात अनुसूचित जमाती ३८.७ टक्के आणि अनुसूचित जाती ११ टक्क्यांच्या किंचित वर. दोहोंची बेरीज जवळजवळ निम्मी. राहिलेला निम्मा जिल्हा, म्हणजे कुणबी, तेली, माळी, ढिवर, कुंभार आणि असे कितीतरी समाज, सरकारच्या पुस्तकात एका नावनिशाणी नसलेल्या ढिगात पडून आहे. त्यातला झाडे कुणबी किती आणि ढिवर किती हे पाहायचे तर १९३१ सालचे मध्यप्रांत-वऱ्हाडचे पुस्तक उघडावे लागते, कारण सर्व जातींची शेवटची पुरी मोजणी तेव्हाची. १९४१ साली युद्धाच्या खर्चापायी ती अर्धवट राहिली, १९५१ पासून सोडूनच दिली. मंडल आयोगाने १९८० साली मागासवर्गाचे ५२ टक्के प्रमाण काढले तेही १९३१ च्याच आधाराने. आजोबाच्या अंगरख्यावरून नातवाचे माप घ्यावे, तसा हा प्रकार!

या अंधारात निवाडे मात्र होत राहिले. गडचिरोली जिल्ह्यातील खालच्या वर्गाच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गाचे आरक्षण १९ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले; पुष्कळ आरडाओरड झाल्यावर २०२१ साली ते १७ टक्के करण्याचे ठरले. ६ कोणत्या मोजणीने आणि १७ कोणत्या मोजणीने? त्याच साली, ४ मार्च २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतील आरक्षणासाठी प्रत्यक्ष पाहणीची माहिती मागितली. मग बांठिया आयोग बसला. मतदारयाद्यांतील आडनावांवरून जात ठरविली जात आहे, अशी तक्रार तेव्हा राज्यभर झाली. विदर्भात मेश्राम हे आडनाव गोंडांतही आढळते आणि महारांतही. राऊत तर किती समाजांत आहेत याची गणतीच नाही. आडनावावरून जात ओळखू पाहणारा शहाणा येथे पहिल्याच गल्लीत ठेचाळेल.

तरीही आम्ही म्हणतो की, नुसते विचारले म्हणजेही भागत नाही. १९३१ साली देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ साली केंद्राने जातींची जी वेगळी पाहणी केली तीत ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली, असे सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. जात, पोटजात, कूळ, आडनाव, सारे एकाच रकान्यात, ज्याला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले. त्या गोंधळाचे खापर लोकांच्या अडाणीपणावर फोडण्यात आले आणि ते आकडे गाठोडे बांधून ठेवले गेले. पुढची मोजणी अशीच झाली तर तिचीही गत तीच होईल, आणि मग “पाहा, जातींची मोजणी होऊच शकत नाही,” असे म्हणणारे मोकळे!

जात मोजल्याने जात वाढेल, अशी भीती काही सुशिक्षित मंडळी घालतात. ताप मोजल्याने ताप वाढत नाही. मोजला नाही तर वैद्य मात्र आंधळा होतो. ऐंशी-नव्वद वर्षे जात मोजली नाही म्हणून ती गेली काय? शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारच्या नोकरीत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हा नेमणुकांचा तिमाही तक्ता दरबारास पाठवावा, असेही बजावले होते. हिशेबाची वही नसेल तर हक्काचा हुकूम हवेत विरतो, हे त्या राजाने ओळखले होते.

म्हणून सरकारजवळ आमचे मागणे स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, ज्या गावी जी भाषा त्या भाषेचा प्रगणक द्यावा. तसा मास्तर नसेल तर त्या गावचा दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी मानधन देऊन त्याच्या जोडीला द्यावी. दुसरी, मिरचीच्या हंगामाला गेलेल्या कुटुंबांची यादी जानेवारीतच ग्रामपंचायतीने करावी आणि दोन्ही राज्यांनी ती आपसांत ताडून पाहावी. तिसरी, जातींची व पोटजातींची स्थानिक नावे आधीच छापून प्रगणकाच्या हाती द्यावीत, आणि सांगणारा सांगेल तेच लिहावे. आडनावावरून तर्क करू नये. चौथी, ही मोजणी मोबाइलवर व्हावयाची आहे. जेथे यंत्राला तरंग मिळत नाहीत तेथे कागद चालावा, पण घर सुटू नये. पाचवी, कोणाच्याही घरची माहिती उघड न करता गावाची एकूण बेरीज ग्रामसभेत वाचून दाखवावी. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळविला आणि पुढे बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळला. जे गाव जंगलाचा हिशेब ठेवू शकते ते आपल्या डोक्यांचा हिशेब तपासू शकणार नाही काय?

वाचकहो, आता दोन शब्द तुम्हांला. या मुलखाने वर्षानुवर्षे दोन बंदुकांमधले जिणे पाहिले आहे. कागदावर नाव लिहून नेणारा परका माणूस पाहिला की छातीत धस्स होते, हे आम्ही जाणतो. परंतु १९४८ चा जनगणनेचा कायदा नीट समजून घ्या. तुम्ही प्रगणकाला सांगितलेले कोणालाही पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि फोडणाऱ्या नोकरास शिक्षा आहे. बायकांनी रीतीप्रमाणे नवऱ्याचे नाव घेऊ नये असे असेल तर ते सांगण्याची सक्तीही या कायद्याने केलेली नाही. मग भिता कशाला? घरातल्या तान्ह्या पोरापासून आंधळ्या म्हातारीपर्यंत प्रत्येकाचे नाव सांगा. धर्म, भाषा व जात तुमची असेल तीच सांगा. शेजाऱ्याच्या किंवा पाटलाच्या सांगण्यावरून बदलू नका. बाई काम करते तर “काम करते” असेच सांगा. किंबहुना बाईलाच बोलू द्या. लिहिलेले वाचून दाखवा, असा आग्रह धरा. शिकलेल्या तरुणांनी त्या महिन्यात आपला पाडा सोडू नये. हे काम निवडणुकीच्या प्रचाराइतकेच महत्त्वाचे आहे.

रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही, आणि सरकारपुढे रडण्याची भाषा आकड्यांची आहे. आजवर तो आकडा दुसऱ्याने घातला आणि आम्ही भोगला. या खेपेस झाडीपट्टीतल्या प्रत्येक उंबरठ्याने आपला आकडा आपल्या तोंडाने सांगावा, आणि तो जसाच्या तसा लिहिला गेला की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावे.